आई आठवड्यातून दोनदा डायलिसिसला; तिसरीतला मुलगा मारामारी करतो, रात्री अंथरूण ओलं करतो

पाटीपेन्सिल (प्रश्न)

जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा, यवतमाळ जिल्हा, पांढरकवड्याच्या पलीकडचं गाव. तिसरीतल्या एका मुलाबद्दल विचारायचं आहे. त्याच्या आईच्या दोन्ही किडन्या निकामी आहेत. पाच महिन्यांपासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. नवरा-बायको पहिल्या एसटीने यवतमाळला जातात, परत यायला सांजचे सात-आठ. घरी आजी आहे, तिला कमी दिसतं, आणि आठवीतली मोठी बहीण. तीन एकर कोरडवाहू वावर.

मुलगा आधी खोडकर होता, मारकुटा नव्हता. दिवाळीनंतर मारामारी सुरू झाली आणि ती बहुतेक सोमवारीच होते. मंगळवारी आणि शुक्रवारी परिपाठापासून पोट दुखतं म्हणतो. रडत नाही, नुसता पोट धरून बसतो. रात्री अंथरूण ओलं करतो असं आजी सांगते. पाचव्या वर्षीच ते सुटलं होतं. अजून एक: शाळेत पाणी पीत नाही. खिचडी खातो, बाटली भरलेली तशीच घरी नेतो.

"आई सुई घ्यायला जाते" एवढंच घरच्यांनी मुलांना सांगितलंय. खरं सांगावं का? कुणी, कसं? आणि वर्गात त्याच्याशी नेमकं कसं वागायचं? बहिणीची काळजी नाही. ती फार समजूतदार आहे, सगळं घर तीच सांभाळते.

मशीनवाला

डायलिसिस युनिटच्या बाजूने लिहितो.

मॅडम, सोमवारचं कोडं मुलात नाही, डायलिसिसच्या वारांत आहे. मंगळवार ते शुक्रवार तीन दिवस, शुक्रवार ते मंगळवार चार. किडनी चालत नाही म्हणजे प्यालेलं पाणी आणि रक्तातली घाण मशीन लागेपर्यंत अंगातच साठते. म्हणून रविवारची रात्र आणि सोमवार हा आठवड्यातला सर्वात वाईट काळ. चेहरा सुजतो, खाज सुटते, आडवं झालं की दम लागतो, झोप नाही. अशा माणसाची चिडचिड होणारच. मुलगा त्याच खोलीत झोपलेला असतो. सोमवारी तो शाळेत येतो तो अर्धवट झोपेत आणि आईची बोलणी खाऊन.

डायलिसिसची संध्याकाळ वेगळ्या तऱ्हेने वाईट. चार तास मशीनवर, वर एसटीचा प्रवास. रक्तदाब उतरलेला असतो, डोकं दुखतं, पायात गोळे येतात. दिवसभर वाट पाहिलेलं लेकरू धावत येतं आणि "सरक तिकडं" ऐकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हीच बाई आठवड्यातली सगळ्यात चांगली असते. बुधवार आणि शनिवार हे आईचे दिवस समजा. वेणीफणी, अभ्यास, गप्पा, मुलाला जवळ घेणं, सगळं त्या दिवसांत ठरवून. वडिलांना हे एकदा कॅलेंडरवर दाखवलं की पटतं.

दोन गोष्टी घरात हमखास बिघडतात. पहिली संत्र्याची. संत्रं, केळं, नारळपाणी यांत पोटॅशियम जास्त. किडनी बंद असलेल्याच्या रक्तात ते साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून ही फळं तोडलेली असतात. मुलगा मायेने आपल्यातली फोड आईला देतो आणि घरातलं कोणी ओरडतं, "आईले मारतं का बे?" बोलणारा विसरतो. आठ वर्षांचं पोर नाही विसरत. दुसरी हाताची. डायलिसिससाठी हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला करतात. त्या हाताला लोंबकळायचं नाही, त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही. बहुतेक घरांत याचं "आईजवळ जाऊ नको" होऊन जातं. त्याऐवजी आईने दुसरा हात "हा तुझा" म्हणून द्यावा. फिस्टुल्यावर बोट ठेवलं तर आत गुरगुर जाणवते, ती चालू असणं चांगलं. आईने स्वतः एकदा हलक्या हाताने ती मुलाला लावून दाखवावी. भीती बरीच उतरते.

सावली

वर जे सांगितलं ते वहीत उतरवा. चार आठवडे, दिवसाला एक ओळ: किती वाजता आला, काही खाऊन आला का, काय घडलं, त्याच्या लगेच आधी काय झालं होतं, शांत व्हायला किती वेळ लागला. "वागणूक खराब" असं लिहू नका. "डबा ओढला, ढकललं, दहा मिनिटं" असं लिहा. जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात जायची वेळ आलीच तर पहिल्या भेटीत ही वही फाईलपेक्षा जास्त कामाची ठरते.

खरं सांगावं का? हो. लपवल्याने मुलाला काही कळत नाही असं होत नाही, त्याला अर्धवट कळतं. उरलेलं तो स्वतः भरतो, आणि सात-आठ वर्षांचं मूल ती जागा बहुतेकदा स्वतःच्या चुकीने भरतं. मी ऐकलं नाही, म्हणून आई आजारी पडली. मी संत्रं दिलं, म्हणून मशीन लागली. त्यात पाहुण्यांची भर पडते, कोणी नजर म्हणतं, कोणी करणी. म्हणून पहिलं वाक्य हेच: "हे तुझ्यामुळं झालं नाही." मुलाने विचारायची वाट पाहू नका, तो विचारत नाही.

सांगायचं आई-वडिलांनी, शिक्षिकेने नाही. दिवस बुधवारचा किंवा शनिवारचा. समोर बसवून भाषण नको. तुरीच्या शेंगा सोलताना, दाळ निवडताना, शेजारी-शेजारी बसून, पाच-दहा मिनिटं. साधारण असं:

"आपल्या पोटात मागच्या बाजूला दोन किडन्या असतात. चहाच्या गाळणीसारख्या त्या रक्त गाळतात. माझ्या बिघडल्या. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी मशीन माझं रक्त गाळते. त्याने किडनी दुरुस्त होत नाही, तिचं काम तेवढं होते. हे लागत नाही, माझ्याजवळ झोपलास तरी तुला होणार नाही. तुझ्यामुळं झालं नाही. त्या दिवशी जेवण काकू देईल, मी दिवा लावायच्या वेळेनंतर येईन. आल्यावर मी थकलेली असते, रागावलेली नसते."

"लवकरच बरी होईन" म्हणू नका. दोन महिन्यांनी ते खोटं ठरतं, आणि मग उरलेलंही मूल मानत नाही. "आई मरेल का?" हा प्रश्न आला तर विषय बदलू नका. "आजार मोठा आहे. मशीन आणि गोळ्या चालू आहेत, डॉक्टर पाहतात. काही बदललं तर सर्वात आधी तुला आम्ही सांगू, दुसऱ्या कोणाकडून कळणार नाही." तोच प्रश्न चार दिवसांनी पुन्हा येईल. उत्तर शब्दाला शब्द तेच द्या, मूल तपासून पाहत असतं.

पाणी न पिणं मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घरात दिवसभर आईचं पाणी मोजलं जातं, "जास्त प्याली, आता दम लागेल" हे तो ऐकतो. त्याच्या हिशेबात पाणी म्हणजे आजार. किंवा अंथरूण ओलं होऊ नये म्हणून त्याने स्वतःच शोधलेला उपाय. विचारलं तर सांगेल, पण सगळ्यांसमोर नाही. "तुझी गाळणी चांगली आहे, तिला पाणी लागतं" एवढं पुरतं. शाळेत तीन वेळा घंटेबरोबर सगळ्या वर्गालाच पाणी प्यायला लावा, म्हणजे तो एकटा पडणार नाही.

अंथरूण ओलं करण्याला आधी शरीराच्या बाजूने पाहा. प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवी आणि साखर तपासून घ्या, शौचाला कडक होते का विचारा. सारखी तहान, सारखी लघवी आणि वजन उतरतंय असं असेल तर साखर त्याच दिवशी. हे सगळं ठीक निघालं तर मनाच्या ताणाने परतलेली सवय समजा. पाणी दिवसा भरपूर, झोपायच्या तासभर आधी बंद, आणि निजताना लघवीला न्या. पण संडास अंगणाच्या टोकाला आणि रात्र अंधारी असेल तर आठ वर्षांचं मूल जात नाही, गेलो म्हणून सांगतं. बॅटरी हाताशी ठेवा, नाहीतर दाराशीच एक डबा. गोधडी त्यालाच धुवायला लावणं, बहिणीने चिडवणं, शेजारी बोभाटा, यांनी ते वाढतं. तीन महिन्यांत कमी झालं नाही तर डॉक्टरला पुन्हा दाखवा.

पोटदुखी नाटक नाही, भीतीने आतडी खरोखर आवळतात. पण त्यासाठी घरी पाठवलं तर पुढच्या मंगळवारी ती अजून लवकर येईल, आणि घरी तरी कोण आहे? ताप पाहा, दहा मिनिटं वर्गातच मागे टेकून बसू द्या, मग सोपं काम द्या: फळा पुसणं, वह्या वाटणं. रात्री दुखून जाग येत असेल, उलट्या किंवा वजन उतरणं असेल तर मात्र दवाखाना. या दोन दिवशी मधल्या सुट्टीत तुमच्या फोनवरून आईशी दोन मिनिटं बोलणं झालं तर दुपार सुधारते; फिस्टुल्याचा हात मशीनला असतो, दुसरा मोकळा. फक्त "फोन लावून पाहू" म्हणा. "लावून देते" म्हटलं आणि रेंज नसली, किंवा तेव्हाच आईचा रक्तदाब उतरला, तर त्याच्या लेखी आईचं काहीतरी झालं.

मारामारीला माफी नाही. नियम सगळ्यांना तोच, फक्त आवाज खालचा. "बिचाऱ्याची आई आजारी आहे, त्याला त्रास देऊ नका" असं वर्गात जाहीर केलं की त्याच दिवशी "तुह्या मायले मशीन लावते" सुरू होतं. त्याला एक वाक्य तयार करून द्या: "माझ्या आईची किडनी बिघडली, ते लागत नाही." चार वेळा म्हणवून घ्या. आणि सोमवारी पहिल्या तासात त्याची जागा आणि काम बदला, भांडण व्हायच्या आधी.

चित्र काढायला द्यायला हरकत नाही, पण काळा रंग वापरला म्हणून अर्थ काढू नका. खडूच्या डब्यात कधी कधी काळाच उरलेला असतो.

धुऱ्यावरचा

सगळं मान्य, एक सावधगिरी. गाव चाळीस-पन्नास घरांचं असतं. आईचा आजार, मुलाचं अंथरूण, वहीतली नोंद, यातलं काही स्टाफच्या बाहेर जाऊ नये. शालेय व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तर नाहीच. वडिलांना आधी विचारा, मग फोन, मग भेट. आणि पालकांना शाळेत बोलवू नका. डायलिसिसचे दोन दिवस आधीच मजुरी बुडते, तिसरा बुडवायला लावू नका. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी घरी जाऊन या.

मामाकडे किंवा आश्रमशाळेत ठेवायचा सल्ला नातेवाईक देतील. न सांगता पाठवलेलं मूल त्याला शिक्षा समजतं, आणि आपण नसताना आईचं काय होईल या भीतीने पळून येतं. पाठवायचंच तर सत्राच्या मध्ये नको, आणि आईला कोणत्या दिवशी भेटायचं ते आधी ठरलेलं असावं.

गटप्रवर्तक

मॅडम, मला त्या मुलीची काळजी जास्त वाटते. मुलगा मारामारी करून सांगतो तरी आहे.

तेरा-चौदा वर्षांची मुलगी भाकरी टाकते, आईसाठी बिनमिठाचं वेगळं रांधते, भावाला तयार करते, पाणी भरते, गोळ्या काढून देते. सगळे समजूतदार म्हणतात, म्हणून थकले म्हणायची सोय राहत नाही. तिच्या शाळेत विचारा: मंगळवार-शुक्रवारची हजेरी किती, वर्गात झोपते का, मैत्रिणींत बसते की एकटी, पाळीच्या दिवसांत येते का. मार्क घसरले नाहीत यावर जाऊ नका, मार्क शेवटी घसरतात.

सगळं काम काढून घेऊ नका. त्यात तिचा मान आहे, आणि "तुला जमत नाही" असा अर्थ निघतो. काम आणि जबाबदारी वेगळी करा. भाकरी, झाडणं चालेल. गोळ्या मोजणं, आईचा दम पाहून दवाखान्याचं ठरवणं, आजीचे आणि बापाचे रडगाणे ऐकणं, हे तिचं नाही. गोळ्या वडिलांकडे, आठवड्याच्या डब्यात भरून. मंगळवार-शुक्रवारचं रात्रीचं जेवण बचत गटातल्या चार घरांनी वाटून घेतलं तर एका घराला महिन्यातून दोनदाच येतं. नुसतं "मदत करा" म्हटलं तर पहिला आठवडा सगळे, तिसऱ्याला कोणी नाही. कागदावर नाव आणि तारीख लिहून द्या. आठवड्यातून दोन तास तिचे स्वतःचे, कोणी हाक मारायची नाही.

ती एक प्रश्न विचारेल किंवा मनात ठेवेल: मलाही होईल का? किडनी कशाने गेली यावर उत्तर आहे. साखर, रक्तदाब, मुतखडा, काही थोडे आजार घराण्यातून येणारे. वडिलांनी डॉक्टरांना विचारावं आणि तिला सांगावं. ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकमध्ये १० ते १९ वयाच्या मुलामुलींशी समुपदेशक बोलतात, तिथे ती एकटी बोलू शकते.

"आईच्या डोळ्यासमोर लग्न उरकून टाकू" ही कुजबुज सुरू झाली का, कान ठेवा. अशा घरात ती येते. गावात ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइन आहे.

पैशाचं: केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व मुलामागे महिना ४,००० रुपये, ग्रामीण उत्पन्न मर्यादा वर्षाला ७२,०००. राज्याची बालसंगोपन योजना मुलामागे महिना २,२५०. दोन्हींत पालकाचा गंभीर आजार हे कारण चालतं. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, बालसंगोपनाचा निर्णय बालकल्याण समितीचा, घरी चौकशी होते. लागतं ते: तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार, बोनाफाईड, पासबुक, आजाराचं वैद्यकीय प्रमाणपत्र. अर्ज बहुतेकदा अडकतो तो प्रमाणपत्रावर: डायलिसिसचं कार्ड जोडतात, ते प्रमाणपत्र नव्हे. जातातच यवतमाळला तर त्याच फेरीत काढून घ्यावं. बोनाफाईड तुम्ही उद्या देऊ शकता.

शेवटचं, आणि हे आधी करा. फवारणीचे डबे घरात असतील तर बाहेर काढून कुलपात, किल्ली शेजारच्या घरी. आईच्या गोळ्याही उंचावर, बंद. दोन्ही मुलांपैकी कोणी "मी मेलो तर बरं" म्हटलं तर त्याच दिवशी बघायचं, सोमवारपर्यंत थांबायचं नाही. सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येते का?" विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. तोपर्यंत मूल एकटं नको, आणि १४४१६ या टेलिमानस हेल्पलाइनवर चोवीस तास मराठीत बोलता येतं. तेवढं टोकाचं नसलं, पण दोन आठवडे खाणं, झोप, खेळणं तिन्ही बिघडलेलं असेल तरी दाखवाच. वडिलांकडेही आशाताईला एकदा पाहू द्या. बापाने दारू धरली किंवा बोलणंच सोडलं तर मुलांवर केलेलं सगळं पाण्यात.

पाटीपेन्सिल

मुलीबद्दल माझं चुकलं. आज चौकशी केली: नोव्हेंबरपासून मंगळवार-शुक्रवार मिळून सहाच दिवस शाळेत. बोनाफाईड लिहून ठेवला.

एक अडचण. वडील रात्री जागलीला जातात, तुरीत रानडुकरं शिरतात. म्हणजे रात्री आईजवळ आजी आणि ही पोरगीच. तिच्यावर ठरवायची जबाबदारी नको म्हणता, पण रात्री दुसरं कोण आहे?

मशीनवाला

जागल रोजची बंद करता येत नसेल तर रविवारची आणि सोमवारची तरी बंद करा, किंवा त्या दोन रात्री जागल भावकीतल्या कोणाशी बदलून घ्या. धोका त्या दोन रात्रींना जास्त असतो. बाकी रात्री शेजारची एक बाई घरात झोपायला.

पोरीला ठरवायचं काहीच नको, फक्त उठवायचं. भिंतीवर मोठ्या अक्षरात कागद लावा, वर तीन फोन: वडील, शेजारीण, १०८. खाली तीन गोष्टी. आडवं होता येत नाही इतका दम, बसून श्वास घेते. छातीत धडधड, किंवा हातपाय एकदम लुळे. फिस्टुल्यातून रक्त. यातलं काहीही दिसलं की शेजारणीला हाक, १०८ ती लावेल. फोन बंद असला तरच पोरीने. रक्त आलं तर स्वच्छ कापड थेट जागेवर दाबून धरायचं, हात वर, मदत येईपर्यंत सोडायचं नाही, मधे उचलून पाहायचं नाही. दोरी आवळून बांधायची नाही.

कागद लावल्यावर एकदा दिवसा शेजारणीला बोलावून सगळं करून पाहा, पोरीला आणि पोराला दोघांना घेऊन. पोराचं काम बॅटरी धरायचं.